आढं

जानेवारीत जाळरेषा काढायला आम्ही दांडावर चढलो
तेव्हा गवत कमरेएवढं होतं,
वाळून खणखणीत.
सहा मजूर, चार कोयते, पाण्याचा एक कॅन,
आणि माझ्याकडे नकाशा:
राखीव वन हिरव्यात, पऱ्ये निळ्यात,
मधून एक तुटक रेघ, जलविभाजक.

धाकू बावधने पुढे.
तो नकाशा बघत नाही, थुंकून दाखवतो.
डावीकडे थुंकला. "ही खाडीला."
उजवीकडे थुंकला. "ही वारणंला. मंग किस्नंला.
मंग फुडं कुटं, ते तुमी शिकलायसा."
बंगालचा उपसागर, मी म्हटलं.
त्याने मान हलवली,
लांबच्या नात्यातलं कुणी गेल्याचं कळावं तशी.

खाली कोकण होतं. तांबडे सडे,
त्यांच्या कुशीत काळ्या पडलेल्या राया.
खाडी दिसत नव्हती, पण कुठे आहे ते कळत होतं:
धुकं तिकडेच खोल बसलं होतं,
दहा वाजले तरी उठायला तयार नव्हतं.

चालताना पऱ्यांची नावं विचारत गेले, वहीत उतरवत गेले.
वाघजाईचा.
हिरड्याचा.
आंधळा, कारण त्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही.
एकाचं नाव सांगताना धाकू लाजला,
मागचे मजूर फिदीफिदी हसले.
मी लिहिलं, "अनामिक".
सरकारदरबारी तो पऱ्या आता सोवळा झाला.

भाकर सोडली ती एका जोत्यावर.
चुलीचा काळा दगड, पायरीचे दोन चिरे,
आणि कुणी पाणी घालत नसताना
तग धरून राहिलेली कर्दळ.
"हितं घर व्हतं," धाकू म्हणाला, चटणी कालवत.

गवताचं छप्पर. आढं अंजनीचं,
आणि ते आढं नेमकं डोंगराच्या आढ्यावर.
पावसाळ्यात या वळचणीचं पाणी कोकणात उतरायचं,
त्या वळचणीचं घाटावर.
पोरी विचारायच्या,
"आबा, आज भांडी कंच्या समुद्रात घासू?"

थोरली भागू दिली पूर्वेला, पाटणच्या अंगाला.
धाकटी ठकू खाली, संगमेश्वराकडे.
"म्या काय रेघ बघून नाय दिल्या.
पानी गेलं तशा गेल्या."

मग वाघासाठी जागा हवी झाली.
मी तेव्हा नववीत होते.
पाणलोट क्षेत्र म्हणजे काय,
हा प्रश्न दोन गुणांना यायचा.
आमच्या जुन्या फाइलीत हे जोतं
"अतिक्रमण क्र. १७" आहे.
मी ते त्याला सांगितलं नाही.
त्याला ठाऊक असावं. त्याने चटणी माझ्याकडे सरकवली.

आता तो खाडीकाठी राहतो, खाजणाच्या कडेला.
पत्र्याचं घर, एकपाखी.
सगळं पाणी एकाच बाजूला पडतं.
म्हशी विकल्या, खारा वारा त्यांना मानवेना.
भरतीचं पाणी मोरीपर्यंत येतं,
तिवरांतली चिंबोरी कधीकधी उंबऱ्यावर.
"जल्माचं पानी खाली धाडलं," तो म्हणाला,
"आता त्याच्याच दारात जाऊन बसलूय."

जेवण झालं. त्याने डबा विसळला,
दोन घोट पाणी, भाकरीचा चुरा,
आणि उठून चार पावलं चालत
ते पूर्वेला फेकलं.
पश्चिम जवळ होती. मी काही विचारलं नाही.
ठकू तर त्याला बाजारात दर सोमवारी भेटते.

ते पाणी वारणेला काय,
गवताच्या बुडख्यालाही पुरलं नाही.

पाचपर्यंत कोयते चालले.
मागे वळून पाहिलं तर दांडाला भांग पडलेला,
वर शेकरू ओरडत होतं, आमच्यावरच असावं.
उभ्याउभ्या मी वही भरली:
जाळरेषा, दोन किलोमीटर, रुंदी सहा मीटर.
मजूर सहा.
पाणी शिल्लक: निरंक.